आठ मात्रांतलं भांडण

रेगेटॉनचा ठेका समजून घ्यायला वाद्य लागत नाही. केहरव्याच्या मोजतो तशा आठ मात्रा सारख्या वेगात मोजा. पहिल्या आणि पाचव्या मात्रेला पाय आपटा, चौथ्या आणि सातव्या मात्रेला टाळी वाजवा. पाय शिस्तीत चालतो. टाळी मात्र पायाची वाट न पाहता आधीच येऊन पडते. पहिली, चौथी, सातवी अशा जागा धरल्या की तीन, तीन आणि दोन असे तुकडे पडतात. कॅरिबियन बेटांपासून कोलंबियापर्यंत या ठेक्याला ‘डेमबो’ म्हणतात.

हिप-हॉपमध्ये याच आठ मात्रांत स्नेअर ड्रमचा खणखणीत ठोका थेट पाचव्या मात्रेवर बसतो. म्हणजे चाल तीच, वाद फक्त टाळीच्या जागेचा. पाय मिनिटाला ९६ वेळा पडत असेल, तर चौथ्या आणि पाचव्या मात्रेत जेमतेम ०.१६ सेकंदाचं अंतर असतं. दोन्हीकडचे स्नेअर सारख्याच जोराने वाजवले तर कानाला नुसती गर्दी ऐकू येते. त्यामुळे या दोन शैली एकत्र आणायच्या तर प्रत्येक गाण्यात ठरवावं लागतं, की कुणाचा ठोका पुढे आणायचा आणि कुणाचा मागे ठेवायचा.

जे बाल्विन आणि बॅड बनी यांचा ‘ओआसिस’ हा एकत्रित अल्बम २८ जून २०१९ रोजी आला, तो हे पाहण्यासाठी उत्तम नमुना आहे. बाल्विन कोलंबियातल्या मेदेयीनचा, सुरेल रेगेटॉन गाणारा. बॅड बनी प्वेर्तो रिकोचा. त्याचं नाव झालं ते लॅटिन ट्रॅपमुळे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातून आलेल्या हिप-हॉपच्या शाखेच्या स्पॅनिश अवतारामुळे. आठच गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाची. टायनी आणि स्काय हे त्यामागचे महत्त्वाचे निर्माते. सोबतीला नायजेरियाचा मिस्टर ईझी आणि अर्जेंटिनाचा रॉक गायक मार्सियानो कान्तेरो. ‘ला कान्सिओन’मध्ये तर ट्रम्पेट येतो आणि गाणं इतकं संथ होतं, की ठेका आहे हेच क्षणभर विसरायला होतं. माझ्या मते अल्बममधलं हे सर्वांत धाडसी गाणं.

ट्रॅपची गंमत वेगळीच आहे. यंत्रावर आकडा मिनिटाला १४० ठोक्यांचा असतो, पण स्नेअर इतका विरळ पडतो, की शरीराला गती ७०ची वाटते. वर हाय-हॅट या झांजांची बारीक कातरण, खाली ‘८०८’चा खोल, लांबत जाणारा बेस. हे नाव रोलँड कंपनीच्या १९८० सालच्या तालयंत्राचं. हा बेस आणि रेगेटॉनची किक, म्हणजे पायाच्या जागी वाजणारा मोठा ड्रम, ढोबळमानाने एकाच पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला सुमारे १०० कंपनांच्या आत राहतात. एकाच पट्ट्यातले दोन आवाज एकदम आले की मोठा आवाज लहानाला झाकून टाकतो. म्हणून अशा मिश्रणात ध्वनितंत्रज्ञ किक पडते तेवढा क्षण बेस आपोआप दबेल अशी सोय करतात. या तंत्राला साइडचेन म्हणतात. ते नीट जमलं तर ऐकणाऱ्याला काही केल्याचं जाणवतही नाही.

खालच्या पट्ट्याची एवढी काळजी का घ्यायची? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात संशोधकांनी कानाला ऐकूही येणार नाहीत इतक्या खोल ध्वनींचे स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले. स्पीकर चालू असताना लोकांची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. स्पीकर चालू आहेत की बंद, हे मात्र कुणाला ओळखता आलं नाही.

टाळीच्या जागेचाही अभ्यास झाला आहे. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ६६ जणांना ड्रमचे ५० तुकडे ऐकवून विचारलं, की नाचावंसं किती वाटतं. अगदी सरळ ठेक्यांना आणि फार अवघड ठेक्यांना कमी गुण मिळाले. मधल्या पायरीवरचे, अपेक्षित जागा थोडी चुकवणारे ठेके सर्वांत आवडले. मेंदू पुढचा ठोका कधी येणार याचा सतत अंदाज बांधत असतो, आणि त्यात हालचालीशी जोडलेले भागही सामील होतात. शरीर न हलवता नुसतं ऐकत बसलो तरी ते जागे होतात. अंदाज थोडासा चुकला की ती रिकामी जागा भरून काढायला शरीर पुढे सरसावतं. डेमबोत पाय सरळ आणि टाळी वाकडी आहे, ती याचसाठी.

तीन-तीन-दोनमागे शाळेतलं गणितही आहे. गोडफ्रीड तूसां या संगणकशास्त्रज्ञाने २००५ साली दाखवलं, की मसावि काढण्याची युक्लिडची रीत वापरून आठ जागांत तीन ठोके शक्य तितके समान पसरले, तर हीच मांडणी मिळते. जगभरच्या कितीतरी पारंपरिक ठेक्यांचा हिशेब त्या रीतीने लागतो. न्यूट्रॉन निर्माण करणाऱ्या एका यंत्रणेच्या स्पंदांची वेळ जुळवायलाही तशीच रीत वापरली गेली होती, हे वाचून मी थक्क झालो.

आणि रेगेटॉन व हिप-हॉप या दोन शैली एकमेकींना परक्या तरी कुठे आहेत? ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ज्याच्या मेजवानीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात तो डीजे कूल हर्क मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा. पनामा कालवा खोदायला गेलेल्या कॅरिबियन मजुरांच्या वंशजांनी जमैकाचं रेगे स्पॅनिशमध्ये गायला सुरुवात केली. पुढे ते प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनच्या डीजेंच्या कॅसेटमध्ये रॅपला भेटलं आणि रेगेटॉन घडलं. १९९५ साली तिथल्या पोलिसांनी दुकानांवर धाडी घालून याच कॅसेट जप्त केल्या होत्या.

डेमबोचा उगम बहुतेक जण १९८९ सालच्या ‘फिश मार्केट’ या वाद्यसंगीताशी जोडतात. ते केलं जमैकाच्या स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने. २००९ साली स्टीली वारला. २०२१ साली क्लीव्ही आणि स्टीलीचे वारस या ठेक्यावर हक्क सांगत अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. पुढे प्रतिवादींची यादी शंभराच्या वर गेली आणि त्यात बॅड बनीचंही नाव आहे. आठात तीन ठोके पसरवण्याचं गणित कुणाच्याही मालकीचं असू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण ठोके कुठल्या ड्रमवर, किती जोराने, कुणाच्या जोडीला ठेवायचे हे गणित सांगत नाही, ते माणसांनी ठरवलेलं असतं. डेमबो वापरणाऱ्या प्रत्येक अल्बमच्या श्रेयनामावलीत स्टीली आणि क्लीव्ही या दोघांची नावं छापली जायला हवीत.