काडेपेटीतले चित्रपट

ॲनिमेशनपटात नट नसतो. निर्जीव वस्तू वा रेषा चौकटीगणिक किंचित बदलली की ती हलल्याचा भास आपणांस होतो. एका सेकंदास अशा २४ चौकटी लागतात. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यांना याच युक्तीने चालते केले. गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’त काडेपेट्यांवरील चित्रे एका एकाकी वृद्धेचे विश्व होतात. पंधरा मिनिटांचा खेळ, म्हणजे २१,६०० चौकटी. आणि चित्रे हाताने रंगविलेली! २००६ साली कान येथील समीक्षक सप्ताहात त्यास तीन पुरस्कार लाभले. एवढ्याशा कृतीस चित्रपटगृहात सहसा जागा मिळत नाही. महोत्सव हाच तिचा आसरा. आपल्या नगरातही अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. महोत्सवास जाणाऱ्या रसिकांनी मोठ्या चित्रपटांइतक्याच अगत्याने लघुपटांसही बसावे, एवढेच आमचे मागणे.