नेटवर्कवरील प्रिंटरची मंद छपाई : निदान आणि नोंद

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला

• छपाईचे काम संगणकापासून कागदापर्यंत कोणकोणत्या टप्प्यांतून जाते, हे सांगता येईल.
• विलंब कोणत्या टप्प्यावर होतो, हे सोप्या चाचण्यांनी शोधता येईल.
• देवनागरी मजकुराच्या छपाईतील विशेष अडचणी स्पष्ट करता येतील.
• तांत्रिक अडचणीची नेमकी नोंद मराठीत लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन टिपणीचे स्वरूप पाहिले. या घटकात तांत्रिक अडचणीविषयीच्या लेखनाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या कामातले आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा घ्या. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके आहेत. त्यांपैकी एखाद्या तालुक्याच्या ठिकाणचे सेवा केंद्र जून महिन्यात कसे असेल, याची कल्पना करा. शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले हवे आहेत. सोयाबीनची पेरणी तोंडावर आल्याने पीककर्जाच्या कागदांसाठी शेतकरीही आलेले आहेत. खिडकीसमोर पंचवीस माणसे उभी आहेत. आत तीन संगणक आणि एकच प्रिंटर आहे. आज्ञा दिल्यानंतर पहिले पान बाहेर यायला चार मिनिटे लागतात. ‘प्रिंटर स्लो आहे’ एवढेच कर्मचारी सांगतात.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. मात्र दिवसांत मोजलेल्या मुदतीत खिडकीसमोरचे तास दिसत नाहीत. तयार असलेला दाखला केवळ कागदावर उतरत नाही म्हणून एखाद्याची परतीची बस चुकते आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. म्हणून या साध्या वाटणाऱ्या अडचणीचे निदान नीट करता आले पाहिजे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ छपाईच्या कामाचा प्रवास

आपण ‘प्रिंट’वर क्लिक करतो तेव्हा काम लगेच प्रिंटरकडे जात नाही. ते चार टप्प्यांतून जाते.

(१) रूपांतर : प्रिंटर ड्रायव्हर ही संगणकातील एक आज्ञावली असते. समोरचा मजकूर प्रिंटरला समजेल अशा भाषेत मांडणे हे तिचे काम. पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या अशा दोन प्रचलित भाषा आहेत. काही स्वस्त प्रिंटरांना यांपैकी कोणतीही भाषा येत नाही. त्यांच्यासाठी संपूर्ण पानाचे चित्र संगणकालाच तयार करावे लागते.

(२) रांग : तयार झालेले काम स्पूलरच्या रांगेत थांबते. ‘स्पूल’ म्हणजे रीळ. सूत रिळावर गुंडाळून ठेवावे आणि लागेल तसे सोडावे, तसा स्पूलर कामे साठवून एकामागून एक पुढे पाठवतो.

(३) वहन : केबल किंवा वाय-फायच्या मार्गाने माहिती प्रिंटरपर्यंत पोहोचते.

(४) मुद्रण : प्रिंटर आलेल्या माहितीचा अर्थ लावतो, तिचे ठिपक्यांत रूपांतर करतो, आपला तापणारा रोलर योग्य तापमानाला आणतो आणि मग कागद ओढतो.

या चारपैकी कोणताही टप्पा अडला तरी बाहेर उभ्या असलेल्या माणसाला एकच गोष्ट दिसते : कागद येत नाही. ‘स्लो’ हा शब्द चारही कारणांना सारखाच लागू पडतो. त्यामुळे निदानासाठी त्याचा उपयोग होत नाही.

येथे प्रिंटरच्या वेगाविषयीचा एक गैरसमज दूर करू. खोक्यावर ‘मिनिटाला २० पाने’ असे लिहिलेले असते, तो वेग सलग छपाईचा असतो. पहिल्या पानाला लागणारा वेळ त्याहून वेगळा असतो. समजा, पहिले पान ८ सेकंदांत येते आणि पुढचे प्रत्येक पान ३ सेकंदांत. मग २० पानांचे एक काम सुमारे ६५ सेकंदांत पूर्ण होईल. परंतु एकेका पानाची २० स्वतंत्र कामे एकेक करून दिली, तर १६० सेकंद लागतील. दाखला हे बहुधा एकाच पानाचे काम असते. म्हणून दाखल्यांच्या खिडकीवर प्रिंटर निरोगी असूनही संथ वाटू शकतो.

५.२.२ विलंब कोठे होतो? चार चाचण्या

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी हातात घड्याळ घ्या आणि पुढील चाचण्या याच क्रमाने करा.

पहिली चाचणी : प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून त्याचे चाचणी-पान काढा. यात संगणकाचा आणि नेटवर्कचा संबंध येत नाही. हे पानही उशिरा आले, तर दोष यंत्रात आहे.

दुसरी चाचणी : नोटपॅडमध्ये चार ओळी लिहून त्या छापा. हे पान लवकर आले आणि नेहमीची फाइल मात्र रखडली, तर दोष त्या फाइलमध्ये किंवा तिच्या छपाईच्या सेटिंगमध्ये शोधावा.

तिसरी चाचणी : रखडणारी फाइल दुसऱ्या संगणकावरून छापा. तेथून ती लवकर आली, तर पहिल्या संगणकाचा ड्रायव्हर, त्याची स्पूलर रांग किंवा त्याची जोडणी तपासावी.

चौथी चाचणी : प्रिंटर यूएसबी केबलने थेट संगणकाला जोडून तीच फाइल छापा. वेळ एकदम कमी झाला, तर विलंब नेटवर्कमध्ये आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ड्रायव्हर, केबल आणि सेटिंग एकदम बदलल्यास छपाई सुधारेलही. पण कशामुळे सुधारली हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा सुरुवातीपासून शोध घ्यावा लागेल.

५.२.३ कारणे आणि उपाय

(अ) फाइल आणि देवनागरी मजकूर

ए-४ आकाराचे पान इंचाला ६०० ठिपके या घनतेने मांडले, तर त्यावर सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात. म्हणजे एका पानाची माहिती १०० एमबीच्या वर जाते. सेकंदाला १०० मेगाबिट क्षमतेच्या केबलवरून ती जाण्यास किमान ८ सेकंद लागतील. वाय-फाय क्षीण असून प्रत्यक्ष वेग ५ मेगाबिट एवढाच असेल, तर पावणेतीन मिनिटे लागतील. ड्रायव्हर बहुधा ही माहिती आवळून पाठवतो, त्यामुळे प्रत्यक्षातील वेळ कमी असतो. तरी प्रमाणाची कल्पना यावरून येते. मजकूर अक्षरांच्या रूपात पाठवला, तर त्याच पानाचा भार याच्या अगदी लहानशा अंशाएवढा असतो.

मराठीपुरती एक विशेष अडचण येथे येते. प्रिंटरमध्ये रोमन लिपीचे फॉन्ट बहुधा अंगभूत असतात. देवनागरीचे सहसा नसतात. त्यामुळे फॉन्टची माहिती कामासोबत पाठवावी लागते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट सोबत नसला की जोडाक्षरे तुटत किंवा मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे छापली जात. त्यावर एक तात्पुरता उपाय म्हणून पीडीएफ छापताना ‘प्रिंट ॲज इमेज’ हा पर्याय निवडला जातो. त्यामुळे संपूर्ण पान चित्र म्हणून जाते आणि अक्षरे शाबूत उमटतात. मात्र निकड संपल्यावरही तो पर्याय तसाच चालू राहिला, तर पुढचे प्रत्येक पान चित्राचा भार घेऊन जाते. कालच्या अडचणीवरचा उपाय आजचा अडथळा होतो, तो असा.

म्हणून हा पर्याय प्रथम तपासावा. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करावा, पीडीएफ तयार करताना फॉन्ट त्यातच समाविष्ट करावा आणि मग हा पर्याय बंद करून जोडाक्षरे नीट येतात का, ते पाहावे. कागद स्कॅन करताना ६०० ऐवजी ३०० ची घनता ठेवली, तर ठिपक्यांची संख्या एक चतुर्थांश होते. कार्यालयीन वाचनासाठी ती पुरेशी असते.

(आ) रांग आणि नेटवर्क

कागद येत नाही असे पाहून पुन्हा पुन्हा ‘प्रिंट’ दाबणे ही सर्वत्र आढळणारी सवय आहे. त्यामुळे रांग वाढतेच. शिवाय अडथळा दूर झाल्यावर एकाच दाखल्याच्या चार प्रती बाहेर पडतात. अर्जदार निघून गेलेला असतो आणि त्याच्या उत्पन्नाचा तपशील ट्रेमध्ये कोणाच्याही नजरेस पडेल असा राहतो. अडकलेले काम रांगेतून रद्द करावे. ते रद्द होत नसेल, तर स्पूलर सेवा थांबवून रांग रिकामी करावी लागते. त्यात इतरांची थांबलेली कामेही नाहीशी होतात. म्हणून सहकाऱ्यांना आधी विचारावे.

लहान कार्यालयांत प्रिंटर एका संगणकाला जोडून तो इतरांना वाटून दिलेला असतो. तो एक संगणक संथ झाला किंवा बंद पडला, की सर्वांची छपाई अडते. प्रिंटरला नेटवर्कची सोय असेल, तर तो केबलने थेट स्विचला जोडावा आणि त्याचा आयपी पत्ता कायमचा ठरवून द्यावा. पत्ता बदलत राहिला, तर संगणक जुन्या पत्त्यावर प्रिंटरला शोधत बसतो.

(इ) यंत्र आणि हवामान

प्रिंटर निद्रावस्थेत गेला असेल, तर रोलर पुन्हा तापण्यास वेळ लागतो. वर्दळीच्या दिवसांत निद्रावस्थेची वेळ लांबवावी. कागदाचा प्रकार ‘जाड’ असा निवडलेला राहिला, तर यंत्र मुद्दाम सावकाश चालते. पानाच्या दोन्ही बाजूंना छपाई करतानाही वेळ वाढतो. विदर्भातील मे महिन्याची उष्णता हेही एक कारण आहे. अनेक लेझर प्रिंटरांच्या माहितीपुस्तिकांत खोलीच्या तापमानाची कमाल मर्यादा बत्तीस अंशांच्या आसपास दिलेली असते. बाहेर पारा ४० च्या वर असताना बंद, पत्र्याच्या खोलीतील यंत्र स्वतःला थंड करण्यासाठी मध्येच थांबते. तो बिघाड नव्हे. प्रिंटर भिंतीपासून दूर, हवेशीर जागी ठेवावा.

५.२.४ तक्रारीची भाषा

आता पुढील दोन नोंदी वाचा. दोन्ही उदाहरणादाखल दिल्या आहेत.

नोंद १ : ‘प्रिंटर खूप स्लो आहे. कृपया लवकर दुरुस्त करावा.’

नोंद २ : ‘आज सकाळी ११ वाजता १० पानी पीडीएफ फाइलचे पहिले पान येण्यास ४ मिनिटे लागली. त्याच संगणकावरून साध्या मजकुराचे पान १२ सेकंदांत आले. प्रिंटरचे चाचणी-पान ९ सेकंदांत आले. दोष यंत्रात नसून फाइलच्या छपाईच्या सेटिंगमध्ये असावा.’

पहिली नोंद वाचून तंत्रज्ञ यंत्र उघडेल. दुसरी वाचणारा यंत्राला हात न लावता योग्य जागी पोहोचेल. दुसऱ्या नोंदीतील क्रियापदे पाहा. ‘लागली’, ‘आले’ ही निरीक्षणे आहेत, म्हणून तेथे भूतकाळाची निश्चित रूपे आली. ‘असावा’ हा तर्क आहे, म्हणून तेथे विध्यर्थ आला. पाहिलेले आणि ताडलेले यांतील अंतर मराठी क्रियापदच दाखवते. तांत्रिक लेखनात हे भान सुटू देऊ नये.

५.३ सारांश

छपाईचे काम रूपांतर, रांग, वहन आणि मुद्रण या चार टप्प्यांतून जाते. विलंबाचा टप्पा ओळखल्याशिवाय उपाय करू नये. देवनागरी मजकूर चित्ररूपात पाठवला गेल्यास भार वाढतो; युनिकोड आणि फॉन्टचा समावेश हा त्यावरील टिकाऊ उपाय होय. मोजलेला वेळ आणि केलेली चाचणी यांची स्वच्छ नोंद ही दुरुस्तीची पहिली पायरी आहे. त्या नोंदीवर खिडकीसमोरच्या माणसाचा वेळ अवलंबून असतो.

५.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. साध्या मजकुराचे पान लवकर येते, पण स्कॅन केलेली फाइल रखडते. यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
२. ‘प्रिंट ॲज इमेज’ या पर्यायाचे लाभ आणि तोटे स्पष्ट करा.
३. स्पूलरची रांग रिकामी करण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, आणि का?
४. उपक्रम : आपल्या कार्यालयातील किंवा जवळच्या सेवा केंद्रातील प्रिंटरवर, संबंधितांच्या परवानगीने, पहिल्या दोन चाचण्या करा. निरीक्षण आणि तर्क वेगळे ठेवून पाच वाक्यांची नोंद लिहा.