विश्लेषण : जुन्या इंग्रजी नृत्यधुना मेंडोलिनवर कशा वाजतात?

लंडनचे प्रकाशक जॉन प्लेफर्ड यांनी १६५१ मध्ये ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ हे पुस्तक काढले. त्यात १०५ समूहनृत्यांची कृती आणि धुना होत्या. व्हायोलिनवर वाजणाऱ्या या धुना आज मेंडोलिनवरही ऐकू येतात.

मेंडोलिनच का?
मेंडोलिनच्या तारा व्हायोलिनप्रमाणेच जी-डी-ए-ई अशा लावतात. त्यामुळे व्हायोलिनची धून वाजवताना बोटांच्या जागा बदलाव्या लागत नाहीत.

अडचण कोणती?
व्हायोलिनचा स्वर गजाने हवा तितका लांबवता येतो. मेंडोलिनची तार छेडताच स्वर विरू लागतो. म्हणून दीर्घ स्वरासाठी पिकने भराभर आघात करतात, हाच ट्रेमोलो. मात्र त्याचा अतिरेक झाला, की ठेका पुसट होतो आणि नाचणाऱ्यांची पावले चुकतात. नृत्याच्या साथीला आघात स्पष्ट, लय पक्की हवी.

साथसंगत कशी ठरते?
प्लेफर्ड यांनी फक्त मुख्य सुरावट छापली; कॉर्ड दिले नाहीत. ते वादकांनीच ठरवायचे. व्हिओलासारखा मेंडोला आणि चेलोसारखा मेंडोचेलो खालच्या स्वरांची बाजू सांभाळतात. त्यामुळे धून तीच असली, तरी प्रत्येक वाद्यवृंदात ती वेगळी वाजते.