आंग्ल व अमेरिकन यांची परस्परदृष्टि : मुंबई-साष्टीच्या बाजूनें एक विचार

जुन्या मराठी कागदपत्रांत युरोपियनांस सरसकट 'टोपीकर' म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि हे टोपीकर एकजिनसी नव्हेत, याची जाणीव आपल्या मुत्सद्द्यांस फार पूर्वींच होती. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत लिहिलेल्या 'आज्ञापत्रां'त फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशीं त्यांचीं कुळें निरनिराळीं सांगितलीं आहेत, आणि प्रत्येकाच्या पाठीशीं स्वदेशींचा राजा आहे हेंही स्पष्ट केलें आहे. साष्टी बेटांतील रहिवाशांस तर ही गोष्ट ग्रंथांतून शिकण्याचें कारणच पडलें नाहीं. १६६५ पासून माहीमच्या खाडीच्या एका तीरावर इंग्रज व दुसऱ्या तीरावर फिरंगी असे दोघे टोपीकर समोरासमोर नांदत होते. १७३९ सालीं चिमाजीआपांनीं वसईस निकराचा वेढा घातला, तेव्हां मुंबईच्या इंग्रजांनीं फिरंग्यांस थोडी दारू व कांहीं कर्ज एवढीच मदत केली; आणि वसई पडतांच त्याच वर्षीं मराठ्यांशीं तह केला. पुढें १७७४ च्या डिसेंबरांत फिरंगी साष्टी परत घेण्यास येतात अशा वार्तेवरून इंग्रजांनीं घाईनें ठाण्याचा किल्ला हस्तगत केला. दोन टोपीकर एकमेकांस कोणत्या नजरेनें पाहतात यावर अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या गांवांचा धनी कोण हें ठरावें, असा तो काळ होता.

'आज्ञापत्रां'तील यादींत अमेरिकनांचें नांव नाहीं, कारण तें राष्ट्रच १७७६ सालीं जन्मास आलें. हें नवें कुळ आपल्या लोकांस केव्हां व कसें कळलें, आंग्ल व अमेरिकन यांचे एकमेकांविषयीं काय ग्रह होते, आणि त्या ग्रहांचा आपल्या विचारवंतांनीं कोणता उपयोग केला, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. युरोपांतील साक्षी व साक्षीदार

युरोपियनांचा अमेरिकेविषयींचा पहिला मोठा आक्षेप शास्त्राच्या वेषांत आला. बुफाँ या फ्रेंच सृष्टिशास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें कीं, अमेरिकेचें हवामान दमट व थंड असल्यामुळें तेथील प्राणी जुन्या खंडांतील प्राण्यांहून लहान व निःसत्त्व निपजतात. जेफरसननें व्हर्जिनिया प्रांतावरील आपल्या ग्रंथांत प्राण्यांच्या वजनांचीं कोष्टकें देऊन हें मत खोडून काढलें. इतकेंच नव्हे, तर १७८७ सालीं मूस नांवाच्या प्रचंड सांबराचा सांगाडा व कातडें त्यानें पॅरिसास मागवून घेतलें. वाद जनावरांचा होता, परंतु पणास लागली होती ती नव्या राष्ट्राची अब्रू.

पुढें प्रवासवर्णनांचें युग आलें. त्यांपैकीं तीन ग्रंथकारांची नांवें पुरेशीं आहेत. मिसेस ट्रॉलप या बाईनें १८३२ सालीं अमेरिकनांच्या घरगुती रीतिभातींवर पुस्तक लिहून त्यांच्या असभ्यपणाची मनसोक्त टवाळी केली. डिकन्सनें १८४२ च्या आपल्या प्रवासग्रंथांत गुलामगिरीवर कडक प्रहार केले. तॉकव्हिल या फ्रेंच गृहस्थानें १८३५ व १८४० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथभागांत तेथील लोकसत्तेचें सूक्ष्म विवेचन केलें.

या तीन साक्षींची किंमत करण्यापूर्वी साक्षीदार कोठें उभे होते तें पाहिलें पाहिजे. ट्रॉलपबाईनीं सिन्सिनाटी येथें मांडलेला व्यापार बुडाला होता. डिकन्सचीं पुस्तकें अमेरिकन छापखानेवाले त्यास एक कवडीही न देतां छापून विकीत होते. तॉकव्हिल हा सरदार घराण्यांतला. लोकसत्ता फ्रान्सांत येणारच, मग ती सुसह्य कशी होईल, ही त्याची चिंता. तेव्हां तिघांनीं पाहिला देश एक, पण प्रत्येकाच्या वर्णनांत त्याचें स्वतःचें प्रयोजन मिसळलेलें आहे. याचा अर्थ साक्ष खोटी असा नव्हे. डिकन्सचा राग पैशाचा असला तरी गुलामगिरीचें त्यानें केलेलें वर्णन त्यामुळें असत्य ठरत नाहीं. प्रमाण टाकावयाचें नाहीं, तें तोलून घ्यावयाचें, एवढाच याचा इत्यर्थ.

अमेरिकनांचाही युरोपविषयीं एक ठाम ग्रह होता. तेथील राजे, सरदार, उपाध्याय आणि त्यांचीं अखंड युद्धें यांपासून दूर राहावें, हा उपदेश वॉशिंग्टननें १७९६ सालीं निरोप घेतांना केला. आणि युरोपियन राष्ट्रांनीं अमेरिका खंडांत नव्या वसाहती करूं नयेत, असें अध्यक्ष मन्रो यांनीं १८२३ सालीं बजावलें. एक पक्ष दुसऱ्यास अडाणी म्हणे, दुसरा पहिल्यास जीर्ण म्हणे. भाऊबंदकीची ही भाषा आपणांस अपरिचित नाहीं. कुळ एक, भाषा एक. म्हणूनच वांटणीनंतरचा सल अधिक बोचरा.

२. मुंबईंतील प्रसंग, १८१३

ही भाऊबंदकी मुंबईच्या लोकांस प्रत्यक्ष दिसली ती १८१३ सालीं. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी १८१२ च्या फेब्रुवारींत स्वदेशाहून निघून ऑगस्टांत कलकत्त्यास उतरले. मध्यंतरीं, १८ जून १८१२ रोजीं, अमेरिकेनें इंग्लंडाविरुद्ध युद्ध पुकारलें होतें. मिशनऱ्यांविषयीं कंपनी सरकार आधींच साशंक होतें, त्यांत हे शत्रुराष्ट्राचे प्रजाजन. त्यांस देश सोडण्याचा हुकूम झाला. हुकूम चुकवून ते ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस आले. आणि त्यांस इंग्लंडास रवाना करावें असा हुकूमही कलकत्त्याहून त्यांच्या पाठोपाठ आला.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे धर्मनिष्ठ गृहस्थ होते. अधिकारी म्हणून हुकूम बजावणें प्राप्त, आणि ख्रिस्ती म्हणून मन कचरे, अशा पेंचांत ते सांपडले. त्यांतच हे दोघे परवानगीवांचून कोचीनकडे निसटले व तेथून त्यांस परत आणण्यांत आलें. तेव्हां त्यांनीं गव्हर्नरास निर्वाणीचा अर्ज केला. राजाज्ञा एक सांगते व ईश्वराज्ञा दुसरें सांगते, तेव्हां ख्रिस्ती राज्यकर्त्यानें कोणती श्रेष्ठ मानावी, असा त्याचा रोख होता. इकडे लंडनांत चार्ल्स ग्रँट या डायरेक्टरानें त्यांची बाजू घेतली. आणि १८१३ च्या नव्या सनदेनें मिशनऱ्यांस वाट मोकळी झाली. शेवटीं त्यांस राहूं दिलें.

या प्रकरणांत एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. 'इंग्रजांची दृष्टि' म्हणून एकच दृष्टि येथें आढळत नाहीं. कचेरींतील इंग्रजास हे दोघे शत्रूचे लोक दिसत होते. प्रार्थनामंदिरांतील इंग्रजास तेच धर्मबंधु दिसत होते. आणि नेपियन यांच्यासारख्या एकाच मनुष्याच्या ठिकाणीं या दोन्ही दृष्टि वसत होत्या. त्याच वर्षीं मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागवानाचें 'कॉर्नवॉलिस' हें ७४ तोफांचें लढाऊ जहाज पाण्यांत लोटलें. १८१५ च्या एप्रिलांत त्याच जहाजानें 'हॉर्नेट' या अमेरिकन जहाजाचा पाठलाग केला. अमेरिकनांनीं तोफा समुद्रांत टाकून जहाज हलकें केलें, तेव्हां कोठें तें निभावलें. एकाच शहरांतून एका अमेरिकनास आश्रय मिळावा व दुसऱ्यावर तोफा रोखल्या जाव्या, हा योग विलक्षण खरा.

या मिशनाचा पुढील विस्तार आपल्या प्रदेशाशीं निगडित आहे. १८१८ च्या सुमारास त्याची एक शाखा माहीमास व दुसरी साष्टीचें मुख्य ठाणें जें ठाणें तेथें झाली. १८१७ पासून त्याच्या छापखान्यांत मराठी पुस्तकें निघूं लागलीं. १८२४ सालीं मुंबईंत त्यानें मुलींची शाळा घातली. हॉल १८२६ च्या मार्चांत नाशिकच्या बाजूस फिरतीवर असतां पटकीनें वारले. राज्य इंग्रजांचें व पंतोजी अमेरिकन, ही स्थिति पाहून साहेबांमध्येंही राजा व प्रजा, धनी व उपरे असे भेद आहेत, हें लोकांच्या ध्यानीं आल्यावांचून राहिलें नसेल.

३. कापसाचें वर्ष आणि त्याची किंमत

१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें. दक्षिणेकडील बंदरें उत्तरेच्या आरमारानें कोंडल्यामुळें लँकाशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, आणि त्यांची सारी भिस्त हिंदुस्थानच्या कापसावर येऊन पडली. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. खानदेशाकडील कापूस साष्टीच्या पूर्व अंगानें, घाटकोपर-मुलुंडाजवळून जाणाऱ्या लोहमार्गानें येऊं लागला. आणि १८६४ च्या अखेरीस गुजराथेकडील लोहमार्गही बोरिवली, अंधेरी या गांवांवरून मुंबईस येऊन मिळाला.

इंग्लंडाचें सरकार या युद्धांत तटस्थ होतें, पण वरच्या वर्गाचा कल दक्षिणेकडे होता. अमेरिकेचें प्रजासत्ताक मोडलें तर लोकसत्तेचाच फोलपणा सिद्ध होईल, असें कित्येकांस वाटे. याच्या उलट मँचेस्टरचे मजूर! कापसाअभावीं उपासमार होत असतांही त्यांनीं १८६२ च्या अखेरीस अध्यक्ष लिंकन यांस पाठिंब्याचें पत्र धाडलें, आणि लिंकननें त्यांस आदरपूर्वक उत्तर दिलें. येथेंही 'इंग्रजां'ची दृष्टि वर्गपरत्वें दुभंगलेली दिसते. मुंबईच्या सट्टेवाल्यांस मात्र एवढेंच पाहिजे होतें कीं, युद्ध चालू राहावें. १८६५ सालीं युद्ध संपल्याची वार्ता आली आणि पेढ्यामागून पेढ्या बसल्या. हजारों कोसांवरील दोन पक्षांचें भांडण आपल्या दारीं लक्ष्मी आणतें व नेतें, हा धडा मुंबईनें तेव्हां घेतला.

४. जोतीराव फुले यांची निवड

याच युद्धाकडे पुण्यांतील एका पुरुषानें सर्वस्वीं निराळ्या डोळ्यांनीं पाहिलें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ युनायटेड स्टेट्सच्या सदाचारी लोकांस अर्पण केला आहे. त्यांनीं निग्रो गुलामांस मुक्त करण्याच्या कामीं निःस्वार्थ आत्मयज्ञ केला, आणि आपल्या देशबांधवांनीं शूद्रांच्या मुक्ततेसाठीं तोच कित्ता गिरवावा, असा त्या अर्पणाचा आशय आहे.

येथें एक शंका सहज उपस्थित होते. इंग्लंडानें आपल्या वसाहतींतील गुलामगिरी १८३३ च्या कायद्यानें, म्हणजे अमेरिकेच्या तीस वर्षें आधीं, उठविली होती. राज्यही इंग्रजांचें. मग मान अमेरिकेस कां? माझ्या मतें याचें उत्तर अर्पणांतील आत्मयज्ञाच्या कल्पनेंतच आहे. इंग्लंडानें दोन कोटि पौंड भरपाई दिली, ती गुलामांस नव्हे, गुलामांच्या मालकांस. आणि कंपनीच्या ताब्यांतील हिंदुस्थान त्या कायद्यांतून वगळला. अमेरिकेच्या उत्तरेनें आपले पुत्र रणांत घातले. फुले तरुणपणीं टॉमस पेनचे ग्रंथ वाचीत. आणि पेन हा जन्मानें इंग्रज, कर्मानें अमेरिकन, आपल्याच मातृदेशाच्या राजसत्तेवर उलटलेला. साहेबाच्या घरांतच साहेबाचा टीकाकार असतो, हें फुल्यांनीं त्याच्यापासून घेतलें असावें. अमेरिकनांचीही बाजू निर्दोष नव्हती, हें खरें. पण दृष्टांताचें काम एका अंशापुरतें असतें. मुख चंद्रासारखें म्हटलें म्हणजे चंद्रावरील डाग मुखावर शोधावयाचा नसतो.

५. पंडिता रमाबाईंचें प्रत्यक्षप्रमाण

फुल्यांस अमेरिका ग्रंथांतून व मिशनऱ्यांकडून कळली. पंडिता रमाबाईंनीं ती डोळ्यांनीं पाहिली. त्या १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या व चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या विद्यालयांत शिकल्या. तेथें त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें कीं नाहीं, यावर चर्चच्या वरिष्ठांनीं आक्षेप घेतला. श्रद्धेच्या बाबतींत स्वतःची बुद्धि चालविल्याबद्दलही वाद झाले. १८८६ च्या प्रारंभीं त्या इंग्लंड सोडून फिलाडेल्फियास गेल्या, तें डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास उपस्थित राहण्यासाठीं. तें ११ मार्च १८८६ रोजीं झालें. पुढें पावणेतीन वर्षांच्या आंत त्यांनीं तो विस्तीर्ण देश पाहिला, व्याख्यानें दिलीं, साहाय्य मिळविलें, आणि १८८९ सालीं स्वदेशीं परतून 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ मराठींत प्रसिद्ध केला.

ट्रॉलपबाईनीं जेथें उद्धटपणा पाहिला, तेथें रमाबाईंनीं समता पाहिली. राजा नाहीं, सरदार नाहीं, आणि स्त्रिया सभा भरवितात, शाळा चालवितात, वैद्यकी शिकतात, हें त्यांनीं मोठ्या आस्थेनें वर्णिलें. पारतंत्र्यांतील वाचकांस राजावांचून चालणाऱ्या राज्याची माहिती देणें हें नुसतें प्रवासवर्णन नव्हतें. राज्यकर्त्यांच्या श्रेष्ठत्वास तें एक मूक उत्तर होतें. त्यांच्याही साक्षीमागें त्यांचें स्थान उभें आहेच. इंग्लंडानें त्यांस शिष्या मानलें, अमेरिकेनें व्याख्याती मानलें. परंतु त्यांची थोरवी ही कीं, उपकारकर्त्या देशाचे दोष त्यांनीं झांकले नाहींत. तेथील मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय व कृष्णवर्णीयांविषयींचा तिरस्कार यांचा त्यांनीं स्पष्ट उल्लेख केला आहे.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, एका राष्ट्राचें दुसऱ्याविषयींचें मत हें बहुधा अर्धें दुसऱ्याचें वर्णन व अर्धें स्वतःचें आत्मवृत्त असतें. संशोधकानें दोन्ही अर्ध निराळे करून घेतले पाहिजेत. दुसरी ही कीं, राष्ट्राची म्हणून एकच दृष्टि नसते. कचेरी, देवालय, गिरणी व पेढी यांच्या खिडक्या निरनिराळ्या दिशांस उघडतात. तिसरी, आणि आपल्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची, ही कीं, टोपीकरांतील भेद ओळखणें हें आपल्या लोकांस प्रथम राजकारणाचें साधन होतें, आणि एकोणिसाव्या शतकांत तें आत्मपरीक्षणाचें साधन झालें. चिमाजीआपांच्या वेळीं तो भेद वसईसाठीं उपयोगी पडला. फुले व रमाबाई यांनीं तो शूद्रांच्या व स्त्रियांच्या मुक्ततेसाठीं उपयोगांत आणला.

आजही युरोप व अमेरिका यांच्या परस्परनिंदेचीं वृत्तें आपण मोठ्या चवीनें वाचतों, आणि 'पाश्चात्य' हा एकच शब्द दोघांसही लावून मोकळे होतों. 'टोपीकर' या शब्दाच्या पोटांत पांच कुळें वेगळीं ओळखणाऱ्या अमात्यांपेक्षां आपली नजर मोटी होऊं नये, एवढीच अपेक्षा आहे.