जादूगारांच्या द्वंद्वातील तराजू

आपल्याकडील अस्त्रयुद्धांच्या कथांत एक ठरलेला शिष्टाचार आढळतो. एकाने आग्नेयास्त्र सोडावे, दुसऱ्याने वारुणास्त्राने ते विझवावे. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणशिष्यांची परीक्षा होते, तेव्हा अर्जुन आग, पाणी, वारा आणि मेघ एकामागून एक निर्माण करून दाखवतो, आणि प्रेक्षक थक्क होतात. ऐकणाऱ्यालाही यात खटकण्यासारखे काही वाटत नाही. कारण कोणते अस्त्र केव्हा फळावे, हे कथाकाराच्या हाती असते. नायकाला जिंकायचे असेल तर उतारा वेळेवर आठवतो, आणि नसेल तर शाप आड येतो.

पण हेच युद्ध जर दोन मित्रांनी कागद-पेन्सिल घेऊन खेळायचे ठरवले तर? मग दोघांपैकी नायक कोण, हे आधी कोणीच सांगू शकत नाही. आग पाण्यापेक्षा थोडी जरी सरस ठरली, तरी दोघेही फक्त आगच फेकतील आणि खेळ दोन दिवसांत अडगळीत जाईल. म्हणून मंत्रांचा समतोल साधणे हा अशा खेळाच्या रचनेतला सर्वांत अवघड भाग आहे. तो कसा साधतात, हे या लेखात पाहावयाचे आहे.

चक्र आणि त्याचे गणित

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चक्र. आग झाडाला जाळते, झाड पाणी शोषते, पाणी आगीला विझवते. ही दगड-कागद-कात्रीचीच दुसरी आवृत्ती होय. प्रत्येक विजयाला एक गुण असेल, तर शहाण्या खेळाडूने तिन्ही तत्त्वे सारख्याच वेळा, कोणताही ठरावीक क्रम न ठेवता वापरावीत. एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा अशा द्विपक्षी खेळात दोघांनाही असे सुरक्षित धोरण असते, हे जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली सिद्ध केले.

आता समजा, आग फार मिळमिळीत वाटते म्हणून तिच्या विजयाला दोन गुण दिले. आगीचा वापर वाढेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात हिशेब निराळाच निघतो. नव्या समतोलात पाणी निम्म्या वेळा, आणि आग व झाड प्रत्येकी पाव वेळा वापरावे लागते! पडताळा सोपा आहे. आगीला झाडावर पाव वेळा दोन गुण मिळतात, म्हणजे सरासरी अर्धा. आणि पाण्यापुढे निम्म्या वेळा एक गुण जातो, म्हणजे तोही अर्धाच. झाड निम्म्या वेळा पाण्यावर एक गुण मिळवते आणि पाव वेळा आगीपुढे दोन गुण गमावते. पाण्याचा आगीवरचा लाभ आणि झाडापुढचा तोटा सारखाच. तिघांची बेरीज शून्य.

म्हणजे शस्त्र बळकट केले की त्याचा प्रसार होत नाही. त्याच्या उताऱ्याचा होतो. आगीची भीती वाढली की लोक पाणी भरून ठेवू लागतात.

मात्र नुसत्या चक्राचा खेळ समतोल असूनही नीरस असतो. पुढचा काय काढणार, हे ओळखायला कोणताच आधार नसल्याने ती केवळ सोडत ठरते. समतोल हवाच, पण त्यात विचाराला जागाही हवी.

हातवाऱ्यांचा खेळ

ही जागा कशी करता येते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे रिचर्ड बार्टल या इंग्रजाने १९७७ साली रचलेला ‘स्पेलबाइंडर’ हा खेळ. पुढे ‘वेव्हिंग हँड्स’ या नावानेही तो ओळखला जाऊ लागला. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने १९७८ साली सुरू केलेल्या ‘मड’ या संगणकीय खेळाच्या घडणीत ज्याचा मोठा वाटा होता, तोच हा बार्टल.

या खेळाला फासे नाहीत, पट नाही. प्रत्येक फेरीत प्रत्येक जादूगार आपल्या डाव्या व उजव्या हाताची एकेक खूण गुपचूप लिहितो. मग दोघेही कागद उघडतात. खुणा मोजक्याच: बोटे वळवळवणे, तळहात पुढे करणे, चुटकी, हात हलवणे, बोट रोखणे, आणि दोन्ही हात लागणारी टाळी. ठरावीक खुणा ओळीने झाल्या की मंत्र फळतो.

येथे मंत्राची किंमत वेळेत मोजली आहे. अग्निगोलाला पाच खुणा लागतात आणि तो पाच गुणांची इजा करतो. अग्निवादळही पाचच गुणांची इजा करते, पण चार खुणांत. मग ते सरस नाही काय? नाही, कारण वादळ आपपर पाहत नाही, करणाऱ्यालाही ते भाजते. शिवाय शेवटची टाळी दुसऱ्या हातालाही गुंतवते. मृत्यूच्या मंत्राला तर तब्बल आठ खुणा. जेवढा घाव मोठा, तेवढी त्याची चाहूल आधी लागते, आणि समोरच्याला तेवढा अवधी मिळतो.

पण चाहूल स्पष्ट असती तर खेळ पुन्हा सोपाच झाला असता. खरी गंमत खुणांच्या सरमिसळीत आहे. प्रतिस्पर्ध्याने एका हाताने चुटकी वाजवली, मग दोनदा हात हलवला. आता पुढे टाळी आली तर अग्निवादळ. चुटकी आली तर प्रतिमंत्र. बोटे वळवळून मग तळहात पुढे आला तर उष्णतेपासून संरक्षण. म्हणजे त्याच तीन खुणांतून हल्ला, बचाव आणि दूरची तयारी अशा तीन वाटा फुटतात. आपण काय ओळखायचे, ते आपण ठरवायचे.

आग आणि हिम यांची मांडणीही पाहण्याजोगी आहे. अग्निवादळाच्या खुणांत चुटकी आणि हात हलवणे यांची अदलाबदल केली की हिमवादळ तयार होते. दोन्ही संरक्षणमंत्रांतही हेच नाते आहे. दोन्ही वादळे एकाच फेरीत आली तर परस्परांना रद्द करतात. तरीही ही जोडी पूर्ण सममित नाही. आगीकडे गोल आहे, वादळ आहे आणि अग्निभूत आहे. हिमाकडे वादळ आणि हिमभूत, पण गोल नाही. हा रचनेतला दोष मानावा काय? मला तसे वाटत नाही. दोन्ही संरक्षणांना चारच खुणा लागतात, पण उष्णतेचे संरक्षण तीन संकटांवर चालते आणि थंडीचे दोनच. साहजिकच धूर्त खेळाडूचा कल आधी उष्णतेच्या संरक्षणाकडे होईल, आणि मग दुबळे वाटणारे हिम उघड्या दारातून आत शिरेल. वर चक्राच्या गणितात जे दिसले, तेच येथे निराळ्या वेषात भेटते.

समता आणि समतोल

समता म्हणजे समतोल नव्हे, हा या विवेचनाचा निष्कर्ष. सगळ्यांच्या हाती सारखेच शस्त्र दिले तर भांडणाला न्याय मिळतो, पण अर्थ मिळत नाही. शस्त्रे वेगवेगळी असावीत. पण प्रत्येकाची किंमत त्याच्या बळाच्या प्रमाणात असावी, प्रत्येकाला उतारा असावा, आणि घाव बसण्यापूर्वी काहीतरी करण्याची संधी समोरच्याला मिळावी.

द्रोणपर्वातील नारायणास्त्राला कोणतेच अस्त्र उतारा नव्हते. कृष्णाने सांगितलेला उपाय म्हणजे शस्त्रे खाली ठेवणे. कथेत हा प्रसंग मनाला भिडतो. खेळात मात्र असे अस्त्र ठेवले, तर ते हाती येताच खेळच संपतो. ज्याच्यापुढे एकच वाट उरली, तो खेळत नसतो, नुसती आज्ञा पाळत असतो. हरणाऱ्यालाही अखेरच्या फेरीपर्यंत दोन वाटांतून एक निवडता यावी, एवढ्यासाठीच खेळ रचणारा हा तराजू हाती धरून बसतो.