मूल शाळेला विटते तेव्हा

दहावीतील मुलगी. सोमवार उजाडला की तिचे पोट दुखते. रविवारी दुपारपर्यंत ती बरी असते, संध्याकाळी दप्तर भरायला घेतले की डोके धरून बसते. रक्त-लघवी तपासली, सोनोग्राफी झाली, सारे नॉर्मल. घरची मंडळी म्हणतात, "नाटक करते." परीक्षा जवळ आल्या की अशी मुले दवाखान्यात हमखास येतात. ती नाटक करीत नसतात. मनावर ताण आला की पोटाच्या हालचाली बिघडतात आणि पोट खरोखरच दुखते.

हा आळस नव्हे

कामाने पिचून गेलेल्या माणसांसाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये 'बर्नआऊट' हा शब्द वापरला. जागतिक आरोग्य संघटना आजही हा शब्द नोकरी-धंद्यापुरताच वापरते. परंतु मुलाची शाळा म्हणजे त्याची नोकरीच नव्हे काय? फिनलंडमधील संशोधकांना शाळकरी मुलांतही हीच तीन लक्षणे आढळली. पहिले, झोपूनही न जाणारा थकवा. दुसरे, "शिकून काय उपयोग?" असा शाळेविषयीचा वीट. तिसरे, "मला काहीच जमत नाही" ही भावना. आळशी मूल अभ्यास टाळते, पण खेळात रमते. विटलेल्या मुलाला खेळही नकोसा होतो. बहुधा हे मूल आधी अगदी मन लावून अभ्यास करणारे असते.

आपल्याकडील कारणे

स्कॉलरशिप, पाचवीत नवोदयची प्रवेश परीक्षा, मग दहावी, पुढे 'लातूर पॅटर्न' आणि 'नीट'. भूम-परांड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत पावसाच्या भरवशावर शेती करणारे आईबाप म्हणतात, "आमचे झाले ते झाले, तू तरी शीक." त्यांचे चुकत नाही. पण पाऊस, कर्ज आणि घराची सारी आशा त्या दप्तरात भरली जाते, हे मुलाला बरोबर कळते. त्यात सकाळची एस.टी., शाळा, संध्याकाळची शिकवणी आणि रविवारची सराव परीक्षा. मग मोकळा दिवस उरतच नाही.

जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांना ही रविवारची अडचण अधिक जाणवते. उपासनेची वेळ आणि शिकवणीची वेळ एकच. पालक विचारतात, "डॉक्टर, चर्च बुडवावे की क्लास?"

एलीयाची गोष्ट

याचे उत्तर त्यांच्याच धर्मग्रंथात सापडते. जुन्या करारातील एलीया संदेष्टा जिवाच्या भीतीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि "आता मरण दे" म्हणू लागला. तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, रागेही भरला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्यापुढे ठेवले. एलीया जेवला, पुन्हा झोपला, पुन्हा जेवला. पुढच्या प्रवासाची गोष्ट त्यानंतर. थकलेल्या जिवाला आधी झोप आणि अन्न, मग शब्द, हाच क्रम आजचे वैद्यकशास्त्रही सांगते.

शब्बाथाची आज्ञाही तशीच आहे. सहा दिवस काम, एक दिवस विसावा. हा विसावा चांगल्या गुणांचे बक्षीस नाही, तो सर्वांचा हक्क आहे. देवाची माया टक्केवारी पाहून मिळत नाही, ही श्रद्धा मुलाच्या मनात रुजली तर नापास होण्याची भीती निम्मी होते.

महाराष्ट्रातील एक थोर ख्रिस्ती स्त्री पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी खेळ, गाणी आणि हातकाम यांतून शिकविणाऱ्या किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. लहान मुलांचे शिक्षण म्हणजे नुसती घोकंपट्टी नव्हे, हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलेले होते. आपणच ते विसरलो.

घरी काय करावे?

१. झोप: सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास, त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत ८ ते १० तास झोप हवीच. पाठ केलेले झोपेतच पक्के होते. मोबाईल निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावा.

२. खाणे: सकाळी उपाशीपोटी शाळेत पाठवू नये. भाकरी, डाळ, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी यांची सर महागड्या टॉनिकांना येत नाही.

३. खेळ: रोज तासभर अंगमेहनतीचा खेळ.

४. एक मोकळा वेळ: रविवारी निदान अर्धा दिवस पुस्तक मिटलेले असावे. उपासना, सगळ्यांचे एकत्र जेवण, मित्रमंडळी. शिकवणीच्या सरांशी बोलून परीक्षेची वेळ बदलता येते का पाहावे.

५. प्रार्थना: रात्री पाच मिनिटे पुरेत. मुलाने दिवसातले एक दुःख आणि एक आनंद देवापुढे स्वतःच्या शब्दांत मांडावा. "पहिला नंबर येऊ दे" अशी प्रार्थना त्याच्याकडून करवून घेऊ नये. वचनांचे पाठांतर हा आणखी एक गृहपाठ होऊ देऊ नये.

६. बोलणे: "किती मार्क पडले?" याआधी "आज जेवलास का?" असे विचारावे.

इतर धर्मांच्या वाचकांनीही हे आपापल्या परीने घ्यावे. आरती, नमाज, बुद्धवंदना यांतली शांत घडी मुलाच्या वाट्याला यावी, एवढेच.

डॉक्टरांकडे केव्हा?

आधी रक्तक्षय, थायरॉईड, डोळ्यांचा नंबर यांची तपासणी करावी. मुलींमध्ये रक्तक्षय फार आढळतो. शाळेत कोणी छळत तर नाही ना, हेही हळूच विचारावे. उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक राहिला, जेवण-झोप बिघडली, मूल एकटे राहू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. शासनाची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, मुलाला एकटे ठेवू नये. "श्रद्धा कमी पडली" असे पालकांनी वा पाळकसाहेबांनी कदापि म्हणू नये. प्रार्थना करावी आणि औषधही घ्यावे, दोहोंत वैर नाही.

परीक्षा पुन्हा देता येते. मूल मात्र एकच असते. आज रात्री त्याचे पुस्तक तासभर आधी मिटा आणि त्याच्याजवळ बसा.