वार्धक्यात पायांचे बळ टिकविण्यासाठी

उतारवयात माणसाला परावलंबी करणाऱ्या कारणांत घरातल्या घरात पडणे हे एक प्रमुख कारण होय. ओल्या मोरीत किंवा काळोख्या पडवीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत हिंडताफिरता असलेला माणूस अंथरुणाला खिळतो.

वयाबरोबर स्नायूंचे बळ घटते. बसून राहिल्याने ही झीज वाढते. व्यायामाने ती मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व बळ वाढविणारा व्यायाम करावा. रोज अर्धा तास झपझप चालणे आणि खुर्चीवरून सावकाश दहा वेळा उठणे-बसणे, एवढ्यानेही उत्तम प्रारंभ होतो.

स्नायूंना प्रथिने लागतात. म्हणून चहा-भाकरीवर वेळ न भागविता डाळ, उसळ, दूध किंवा अंडी आहारात असावीत. वृद्धापकाळी तहानेची जाणीव मंदावते. तेव्हा तहान नसतानाही थोडे थोडे पाणी प्यावे. रात्री अंथरुणातून एकदम न उठता क्षणभर बसून मग उभे राहावे. दृष्टी व रक्तदाब यांची नियमित तपासणी करून घ्यावी. झोपेच्या वा अन्य औषधांनी भोवळ येत असल्यास डॉक्टरांना सांगावे.

मोरीत आधाराचा दांडा आणि गावाच्या वाटेवर दिवा ही कामे कुटुंबाने व ग्रामपंचायतीने मनावर घेतल्यास अल्प खर्चात होण्याजोगी आहेत. त्यांमुळे अनेक वृद्धांचे स्वावलंबन टिकेल.